संन्याशाची चूल

आमच्या कर्जतच्या कॉलेजात (नगरचे नव्हे, भोरघाटाखालचे कर्जत) खालापुराकडच्या मुली खोपोली गाडीने येतात, त्या घरचा स्वयंपाक उरकून. म्हणूनच की काय, 'स्मृतिचित्रे' शिकवताना त्यांना टिळकांच्या कवितेपेक्षा घरखर्चाची चौकशी अधिक! पन्नाशी उलटलेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ साली अमेरिकन मराठी मिशनचा पगार सोडला, संन्यास घेतला, साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. एकीने विचारले, "मग सर, चूल कशी पेटायची?"

प्रश्न बिनतोड. हा संन्यासी घरातच राहणारा. हातात पैसा ठरत नाही, पाहुण्यांना तोटा नाही, परकी पोरे घरचीच होऊन बसलेली. पीठमीठ पाहायचे ते पन्नाशीला टेकलेल्या लक्ष्मीबाईंनी. चरित्रकार त्यागाचे गोडवे गातात; त्या त्यागाचा जमाखर्च बाईंनी स्वतःच लिहिला, तोही हसतहसत. त्यात तक्रार भरपूर आहे, रडगाणे मात्र नाही. मला तर त्या घरातला खरा मिशनरी कोण, हाच संशय येतो.

टिळक १९१९ साली गेले. त्यांचे अपुरे 'ख्रिस्तायन' पुढे नेले ते लग्नानंतर अक्षरे गिरवलेल्या याच बाईंनी. ६४ अध्याय रचून.