पडद्यावरची आगगाडी

गेल्या दिवाळीत नातवानं मला हाताला धरून आपल्या संगणकासमोर बसवलं आणि म्हणाला, "आबा, आज तुम्ही ड्रायव्हर." पडद्यावर इंजिनाची केबिन होती, काचेपलीकडे इंग्लंडातला पावसानं भिजलेला फलाट होता, आणि गाडी सुटायला एक मिनिट बाकी होतं. मी कळ दाबली. गाडी हलेना. आणखी जोरात दाबली. इंजिन नुसतं घुमू लागलं. नातू मागे उभा राहून हसत होता. दिशेचा दांडा मधल्या खुणेवर, ब्रेक आवळलेला आणि डब्यांची दारं सताड उघडी, अशा थाटात मी गाडी हाकायला निघालो होतो. सगळं मार्गी लागेपर्यंत चार मिनिटं उशीर झाला. पुढच्या स्टेशनात मी फलाट ओलांडून दोन डबे पुढे गेलो. त्यानंतरचा सिग्नल लाल होता. तो दिसताच ब्रेक लावला, पण आगगाडी म्हणजे सायकल नव्हे. ती लाल दिव्याखालून शांतपणे पुढे निघून गेली आणि पडद्यावर पाटी आली, फेरी समाप्त.

अर्ध्या तासात एवढी फजिती बँकेच्या ३६ वर्षांच्या नोकरीत झाली नव्हती. तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप घेऊन मी आपण होऊन त्या खुर्चीत जाऊन बसलो. हे असं का व्हावं, याचा विचार तेव्हापासून मनात चालू आहे. या खेळात कुणाला मारायचं नसतं, खजिना लुटायचा नसतो, शर्यतही जिंकायची नसते. वेळेवर निघायचं, वेगाची मर्यादा पाळायची, सिग्नल बघायचा आणि फलाटाला नीट लागायचं. जे काम माणसं पगार घेऊन करतात, ते काम लोक पदरचे पैसे मोडून करतात आणि तेही सुटीच्या दिवशी!

हे वेड नवं नाही. इंग्लंडात फ्रँक हॉर्नबी यांच्या कारखान्यानं १९२० साली चावीच्या आगगाड्या बाजारात आणल्या, तेव्हापासून मुलांसाठी म्हणून आणलेली गाडी वडीलच खेळत बसतात, हा तिथला घरोघरचा विनोद आहे. संगणकाच्या युगात पहिली मोठी लाट आली ती जपानात. 'तैतो' कंपनीचा 'देन्शा दे गो' हा खेळ आधी खेळघरांत आणि १९९७ साली घरच्या प्लेस्टेशनवर आला. त्यात ड्रायव्हरच्या हातातले दांडे असलेली खास पेटीसुद्धा मिळत असे. गाडी ठरलेल्या सेकंदाला आणि फलाटावरच्या ठरलेल्या खुणेवर थांबवायची, चुकलात की गुण कापले, एवढाच तो खेळ. पण जपानी माणसांनी तो डोक्यावर घेतला.

मग २००१ साली 'मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटर' आला. ब्रिटनमधल्या 'कुजू' या कंपनीनं तो बनवला होता. त्यात सहा मार्ग होते. अमेरिकेतले दोन, जपानमधले दोन, ऑस्ट्रियातला एक आणि इंग्लंडातला सेटल ते कार्लाइल हा डोंगरी मार्ग. 'फ्लाइंग स्कॉट्समन' हे नामांकित वाफेचं इंजिनही त्यात होतं. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनहून 'ट्रेन्झ' आला. त्यात गाडी चालवण्याइतकाच स्वतःचा मार्ग आखण्यावर भर होता. पुढे 'रेल सिम्युलेटर' आणि त्याच घराण्यातली 'ट्रेन सिम वर्ल्ड' ही मालिका आली. आपल्याकडे हौशी तरुणांनी डब्ल्यूडीएम-२, डब्ल्यूएपी-४ अशी भारतीय इंजिनं रात्री जागून तयार केली आणि फुकट वाटली. चेन्नईतल्या एका कंपनीचा 'इंडियन ट्रेन सिम्युलेटर' तर आता मोबाईलवर पोरं बसमध्ये बसल्या बसल्या चालवतात.

माझ्यापुरतं सांगायचं तर या ओढीचं मूळ मला भुसावळमध्ये सापडतं. ऐन तिशीत माझी बदली तिथल्या शाखेत झाली होती. भुसावळ म्हणजे रेल्वेचं गाव. पगाराच्या दिवशी काउंटरपुढे ड्रायव्हर, गार्ड, फिटर यांची रांग लागायची. एक वयस्क ड्रायव्हर नेहमी शेवटी यायचे. गाडी चालवायला काही लागत नाही, ती थांबवायलाच सगळी अक्कल लागते, असं ते म्हणत. तेव्हा मला ते बोलण्याची लकब वाटली होती. आता कळतं, की त्यांनी आपला व्यवसाय एका वाक्यात सांगितला होता. हजार टनांची मालगाडी एकाच ठिकाणी ब्रेक लावून एकदम थांबत नाही. नळीतल्या हवेचा दाब इंजिनापासून शेवटच्या वाघिणीपर्यंत उतरत जायला वेळ लागतो. पुढच्या वाघिणी आवळल्या जातात तेव्हा मागच्या अजून ढकलतच असतात. म्हणून चांगला ड्रायव्हर डोळ्यांना दिसतं त्याच्या पुढचं बघून हात चालवतो. चांगला सिम्युलेटर नेमकं हेच शिकवतो, आणि नेमकं हेच शिकताना माणूस रडकुंडीला येतो.

इथे बँकवाल्याला ओळखीची खूण पटते. आमच्या काळी संध्याकाळी कॅश टॅली व्हायची. दोन रुपयांचा फरक आला तरी सगळी शाखा थांबायची, लेजरची पानं उलटायची, आणि रात्री नऊला तो फरक सापडला की जो आनंद व्हायचा त्याला तोड नव्हती. त्या आनंदाला बक्षीस नव्हतं, टाळ्या नव्हत्या. काम चोख झालं, एवढंच. आज बहुतेकांच्या नोकरीत काम संपलं कधी आणि बरोबर झालं की नाही, हेच कळेनासं झालंय. पडद्यावरची गाडी मात्र १० वाजून १४ मिनिटांनी फलाटाला लागते किंवा लागत नाही. या स्वच्छ हिशेबाची भूक माणसाला असते. खेळाचा अवघडपणा हा त्याचा दोष नव्हे, तो अवघड आहे म्हणूनच लोक त्याला चिकटून राहतात.

अर्थात पडद्यावर एक गोष्ट येत नाही, ती म्हणजे भीती. कर्जतहून लोणावळ्याकडे जाताना मागे इंजिनं लागतात, हे आपण फलाटावर वडा खाताना अनेकदा पाहिलंय. भोरघाटाचा चढ ३७ फुटांना एक फूट असा आहे. हाच घाट उतरताना गाडी हाताबाहेर गेली तर तिला अडवायला चढावर नेऊन सोडलेल्या कॅच सायडिंग बांधून ठेवल्या आहेत. त्या उतारावर ज्याचा हात ब्रेकवर असतो, त्याच्या मागे हजारभर झोपलेली माणसं असतात. आपल्या मागे रिकामी खुर्ची असते.

हा फरक किती खोल आहे, ते जपाननंच दाखवून दिलं. २५ एप्रिल २००५ रोजी ओसाकाजवळच्या अमागासाकी इथे एक उपनगरी गाडी वळणावर रूळ सोडून रहिवासी इमारतीवर आदळली. १०७ माणसं गेली, पाचशेहून अधिक जखमी झाली. गेलेल्यांत ड्रायव्हरही होता, वय वर्षं २३. आधीच्या स्टेशनात त्याची गाडी फलाट ओलांडून पुढे गेली होती, ती मागे घेण्यात सुमारे दीड मिनिट उशीर झाला होता. ७० किलोमीटरच्या मर्यादेचं वळण त्यानं ताशी सुमारे ११६ किलोमीटरनं घेतलं. अशा चुकीबद्दल तिथे फेरप्रशिक्षणाच्या नावाखाली ड्रायव्हरला दिवसेंदिवस कबुलीजबाब लिहायला लावत, गवत उपटायला लावत, साहेबांची बोलणी खावी लागत. चौकशी आयोगाच्या २००७ च्या अहवालानं ड्रायव्हरचं लक्ष उडण्यामागे या धास्तीचा हात असल्याचं म्हटलं. फलाट ओलांडणं आणि दीड मिनिटाचा उशीर! नातवाच्या संगणकावर मी पहिल्याच दिवशी हे दोन्ही केलं आणि हसलो. आपल्याला हसता येतं, ही खेळाची देणगी आहे. पण लोकल चार मिनिटं उशिरा आली म्हणून मोटरमनच्या नावानं बोटं मोडणाऱ्या आपण सर्वांनी हा खेळ एकदा तरी खेळून बघावा, असं मला मनापासून वाटतं.

इथवर झाली ती गोडीची गोष्ट. आता तक्रारीची, आणि ती खेळाच्या अवघडपणाची नाही. ती मालकीची आहे.

मूळ खेळ स्वस्तात मिळतो. मग एकेक मार्ग, एकेक इंजिन वेगळं विकत घ्यायचं. एखाद्या जुन्या मालिकेचं सगळं सामान घ्यायचं ठरवलं तर बेरीज हजारो डॉलरांत जाते. सगळं कुणी घेत नाही हे खरं, पण महिन्याला थोडं थोडं करत नातवानं किती घेतलं होतं, याची मी बँकेच्या सवयीनं यादी केली, तेव्हा त्याच्या वडिलांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्यातला एक मार्ग तर नवी आवृत्ती आल्यावर उघडेनासाच झाला. कंपनीला पत्रं लिहिली, उत्तरं गोड आली, मार्ग काही आला नाही. नातू त्या मार्गावरचं प्रत्येक वळण पाठ करून बसला होता. पैशापेक्षा त्याला दुःख त्याचं होतं.

मोठ्या कंपन्यांचंही तेच. मायक्रोसॉफ्टनं २००७ साली आपल्या ट्रेन सिम्युलेटरच्या नव्या आवृत्तीची घोषणा केली, आणि जानेवारी २००९ मध्ये ती तयार करणारा विभागच बंद केला. हा प्रश्न आता नुसता आगगाडीवेड्यांचा राहिलेला नाही. 'द क्रू' हा मोटारींचा खेळ मार्च २०२४ अखेर त्याच्या कंपनीनं आपल्या बाजूनं बंद केला, तेव्हा पैसे देऊन घेतलेला खेळ ग्राहकांच्या घरात असूनही नाहीसा झाला. त्यातून युरोपात चळवळ उभी राहिली आणि जुलै २०२५ पर्यंत तिच्या मागणीवर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. कॅलिफोर्नियानं २०२४ साली कायदा केला. ग्राहकाला मिळतो तो केवळ वापराचा परवाना असेल, तर दुकानानं तसं स्पष्ट सांगितल्याशिवाय 'विकत घ्या' हे शब्द वापरू नयेत, असा त्याचा आशय. आमच्या भाषेत सांगायचं तर ज्याला आपण ठेव समजत होतो, ते भाडं निघालं. पावतीवर तसं बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, आपण वाचलं नव्हतं.

मग उपाय काय? त्याचं उत्तर मला त्या सेटल-कार्लाइल मार्गाच्याच इतिहासात दिसतं. सुमारे ११६ किलोमीटरचा हा मार्ग १८७६ साली प्रवाशांसाठी सुरू झाला. त्यावर रिबलहेडचा २४ कमानींचा देखणा पूल आहे. १९८० च्या दशकात त्या पुलाच्या दुरुस्तीचा खर्च पुढे करून ब्रिटिश रेल्वेनं सगळा मार्गच बंद करायचं ठरवलं. लोक उठले. बावीस हजारांहून अधिक हरकती दाखल झाल्या. त्यांत नेहमी मालकाबरोबर प्रवास करणाऱ्या रसवार्प नावाच्या कुत्र्याच्या पंजाचा ठसाही होता, आणि तो ग्राह्य धरला गेला! अखेर एप्रिल १९८९ मध्ये सरकारनं बंदीचा विचार सोडला. तो मार्ग वाचला, म्हणूनच बारा वर्षांनी तो खेळात येऊ शकला.

खेळाचंही पुढे तसंच झालं. मायक्रोसॉफ्टनं ज्याला वाऱ्यावर सोडलं, त्या सिम्युलेटरचे मार्ग आणि इंजिनं नव्या संगणकांवर चालवण्यासाठी जगभरच्या स्वयंसेवकांनी 'ओपन रेल्स' नावाची प्रणाली लिहिली. तिची पहिली पूर्ण आवृत्ती २०१५ साली आली. ती मोफत आहे, आणि तिची अंतर्गत रचना सर्वांना खुली आहे. उद्या ती बनवणारे थकले तर दुसरे कुणी हात घालू शकतील. भारतीय पोरांनी रात्री जागून बनवलेली जुनी इंजिनं तिच्यावर अजून धावतात. या प्रणालीत सफाई कमी आहे, मांडणी किचकट आहे, कधी कधी काहीतरी अडतं. पण दार बाहेरून कुणी कुलूप लावून बंद करू शकत नाही.

म्हणून घरात असा छंद असलेलं मूल असेल, तर त्याला 'काय ते दिवसभर आगगाडी, आगगाडी' म्हणून झिडकारू नका. शिस्त, धीर आणि पुढचं पाहण्याची सवय लावणारा याहून निरुपद्रवी खेळ मी तरी पाहिलेला नाही. फक्त पैसे देण्यापूर्वी एक प्रश्न त्याच्याबरोबर बसून विचारा. ही कंपनी उद्या नसली तर हे आपल्याकडे राहील का? उत्तर 'नाही' असलं तरी हरकत नाही, सिनेमाचं तिकीटही आपण घरी ठेवण्यासाठी काढत नाही. पण तिकीट काढतोय की घर घेतोय, हे आधी माहीत असावं.

नातवानं आता ओपन रेल्स शिकायला घेतलंय. जो मार्ग गेला, तो स्वतः बांधायचा त्याचा बेत आहे. पहिलं स्टेशन उभं राहिलं, पण सिग्नल अजून चुकीच्या बाजूला दिवा दाखवतो. मला त्यानं वेळापत्रक करायचं काम दिलंय. गेल्या रविवारी आमच्या त्या अर्धवट फलाटाला मी गाडी लावली. घड्याळ बघितलं, दोन सेकंद उशीर. तो म्हणाला, "चालेल आबा." मी म्हटलं, चालणार नाही, पुन्हा मागे घे.