सहजीवनाला दाखला कशाचा?

अमेरिकेत 'एच-१बी' व्हिसावर नोकरी करणाऱ्या भारतीय तंत्रज्ञाच्या पती वा पत्नीला 'एच-४' हा आश्रिताचा व्हिसा मागता येतो. विवाहाविना एकत्र राहणाऱ्या जोडीदाराला मात्र ती वाट बंद आहे. त्याने 'बी-२' हा पाहुण्याचा व्हिसा मागावा, असे तेथील परराष्ट्र खात्याची नियमपुस्तिकाच सुचविते. म्हणजे हे नाते सरकारला ठाऊक आहे. मान्य तेवढे नाही!

पाहुण्याची ही वाटही सरळ नाही. १९५२च्या कायद्याच्या कलम २१४ (बी) नुसार प्रत्येक अर्जदार कायमचा राहण्यासाठीच येत आहे, असे गृहीत धरले जाते आणि तसे नसल्याचे सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर पडतो. १९९०च्या दुरुस्तीने 'एच-१बी' कामगाराला या गृहीतकातून वगळले. ज्याच्या श्रमाची भांडवलाला गरज, त्याच्यावर विश्वास. ज्याची गरज केवळ दुसऱ्या माणसाला, त्याच्यावर संशय, असा हा न्याय आहे.

मायदेशी परतण्याची हमी म्हणून नोकरी, मालमत्ता, कुटुंब हे पाहिले जाते. ज्याच्या नावावर जमीन आहे त्याचे मायदेशाशी बंध दिसतात. जो दुसऱ्याच्या जमिनीत राबतो त्याचे दिसत नाहीत. अमेरिकेत जोडीदार असणे तर अर्जदाराच्या विरुद्धच जाऊ शकते. नकाराविरुद्ध अपील नाही. पुन्हा अर्ज करावयाचा तर पुन्हा १८५ डॉलर, म्हणजे पंधरा हजार रुपयांहून अधिक शुल्क भरावयाचे. तेही परत न मिळणारे.

सरहद्दीवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार प्रत्येक राष्ट्राला आहे आणि खोटी नाती दाखविली जाण्याचा संभव आहे, हे खरे. परंतु खोटे विवाहही होतातच. म्हणून कोणी विवाहितांना तो मार्गच बंद करीत नाही. चौकशी करून खरेखोटे ठरवितात. तीच चौकशी सहजीवनाच्या बाबतीत का होऊ नये?

'मग लग्न करा' हा सल्लाही सर्वांच्या उपयोगाचा नाही. समलिंगी विवाहांना अमेरिकेचे संघराज्य २०१३च्या निकालापासून मान्यता देते. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र १७ ऑक्टोबर २०२३ रोजी तो हक्क देण्यास नकार दिला. जो दाखला इथे मिळतच नाही, तो तिथे सादर कसा करावयाचा?

वॉशिंग्टनकडे बोट दाखविताना दिल्लीलाही जाब विचारला पाहिजे. २००५च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने विवाहसदृश नात्यातील स्त्रीला संरक्षण दिले. परंतु भारतीय नागरिकाच्या परदेशी जोडीदाराला 'ओसीआय' कार्ड हवे असेल, तर नोंदणीकृत आणि किमान दोन वर्षे टिकलेला विवाहच लागतो. अत्याचार झाला तर नाते खरे आणि एकत्र राहावयाचे म्हटले तर खोटे, ही विसंगती आपलीच आहे.

नकाराची सविस्तर लेखी कारणे आणि अपिलाची सोय ही मागणी अमेरिकेकडे रास्तच आहे. तितक्याच आग्रहाने सहजीवनाच्या नागरी नोंदणीची मागणी इथे झाली पाहिजे. जातीबाहेर, धर्माबाहेर जोडीदार निवडणाऱ्यांच्या पाठीशी उभी राहिलेली चळवळ या प्रश्नाला परदेशी गेलेल्या सुखवस्तूंचे गाऱ्हाणे म्हणून बाजूला सारू शकत नाही.