जोडविषय धातूंचा घ्यावा

आपली बरीच मुले-मुली मेकॅनिकलला जातात. पदवीबरोबर १८ ते २० जादा क्रेडिटचा ‘मायनर’, म्हणजे जोडविषय घ्यायची सोय आता पुष्कळ महाविद्यालयांत आहे. सगळ्यांची धाव मात्र संगणकाकडे! आमचे म्हणणे, दोघाचौघांनी तरी मटेरियल सायन्स घ्यावे. धातू कशाने झिजतो, का तडकतो, याचे हे शास्त्र. मुंबईच्या आयआयटीत आणि पुण्याच्या सीओईपीत त्याचे स्वतंत्र विभाग आहेत.

का म्हणाल, तर मिलकडे बघा. रोलरचा शाफ्ट पोलादी, वरचे शेल बिडाचे. उसाचा रस आंबट, त्यात शेतातून आलेली माती-वाळू; दोन्ही मिळून रोलरचे दात खातात. दात गुळगुळीत झाले की रोलर ऊस धरीत नाही, म्हणून वेल्डर आर्किंग करून खरखरीतपणा आणतो. पण बिडात कार्बन जास्त, वेल्डिंगच्या उष्णतेने ते तडकू शकते. इलेक्ट्रोड कोणता, करंट किती, हे बहुधा अनुभवावर चालते. अनुभवाला आम्ही नावे ठेवीत नाही. पण तडकलेला दात सूक्ष्मदर्शकाखाली बघणारे कुणी घरचेच असले तर बिघडले कुठे? मिल थांबली की गव्हाणीपुढे गाड्या तुंबतात, ऊस वाळतो, आणि वजन घटते ते सभासदाचे.

कुणी म्हणेल, एक ना धड, भाराभर चिंध्या. ज्याचे मूळ विषयच राहिलेत त्याने या फंदात पडू नये, हे खरेच. ज्याला झेपते त्याला मात्र संचालक मंडळाने ऑफ सीझनला, रोलर उतरवतात तेव्हा, बोलवावे आणि झिजलेल्या शेलचा तुकडा प्रोजेक्टला द्यावा. नाहीतरी तो भंगारातच जायचा.