इशारा येण्याआधीची मिनिटे

२६ डिसेंबर २००४ रोजी सकाळी साडेसहाच्या सुमारास सुमात्राच्या किनाऱ्यालगत ९.१ तीव्रतेचा भूकंप झाला. त्यातून उसळलेली लाट चेन्नईच्या किनाऱ्यावर पोहोचायला सुमारे अडीच तास लागले. दक्षिणेकडील निकोबार बेटांना मात्र अर्ध्या तासाचीही उसंत मिळाली नाही. दुर्गम बेटांच्या त्सुनामी-सज्जतेचा प्रश्न या दोन कालावधींमधील अंतरातच दडला आहे. चेन्नईपर्यंत वेळीच संदेश पोहोचता तर असंख्य जीव वाचले असते. बेटांवर मात्र संदेश पोहोचेपर्यंत लाट दारात आलेली असते. अंदमान-निकोबारमधील मृत आणि बेपत्ता व्यक्तींची अधिकृत संख्या साडेतीन हजारांच्या आसपास होती. त्यांतील बहुसंख्य माणसे होती जेमतेम ४२ हजार वस्तीच्या निकोबार जिल्ह्यातील.

त्या संकटानंतर सरकारने हातपाय हलवले, हे मान्य केलेच पाहिजे. ऑक्टोबर २००७ मध्ये हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या संस्थेत त्सुनामी पूर्वसूचना केंद्र सुरू झाले. भूकंपमापक यंत्रे, खोल समुद्रातील दाबमापके आणि किनाऱ्यांवरील भरतीमापके यांच्या आधारे हे केंद्र भूकंपानंतर दहा मिनिटांच्या आसपास पहिले निवेदन प्रसृत करू शकते. २०२० मध्ये चेन्नईहून टाकलेली सागरी केबल कार्यान्वित झाली आणि कार निकोबार, कामोर्टा व ग्रेट निकोबार ही बेटे तिने जोडली गेली. तंत्रज्ञानाच्या बाजूने ही मोठीच मजल आहे. परंतु हैदराबादहून निघालेली सूचना जिल्हा प्रशासनाकडे, तेथून पोलीस ठाण्याकडे आणि तेथून नारळाच्या बागांआडच्या पाड्यापर्यंत जायची, तर उरलेली मिनिटे वाटेतच संपण्याची भीती राहते. शिवाय भूकंपानेच वीज आणि मनोरे निकामी केले, तर भोंगा वाजणार कसा?

या कोड्याचे उत्तर सुमात्राजवळच्याच सिमेलुए बेटाने दिले आहे. २००४ च्या भूकंपकेंद्राच्या अगदी निकट असूनही सुमारे ७८ हजार लोकवस्तीच्या या बेटावर मृत्यू झाले अवघे सात. तेथे ना भोंगा होता, ना उपग्रह. होती ती १९०७ सालच्या प्रलयाची आठवण. ‘स्मोंग’ हा एकच शब्द आजी-आजोबांच्या कथांतून आणि गाण्यांतून तेथील पिढ्यांनी जपला होता. जमीन जोराने हादरली, समुद्र मागे सरला, की काहीही न घेता डोंगराकडे धावायचे, एवढाच त्याचा अर्थ. भूकंप हाच इशारा मानल्याने कोणाच्या आदेशाची वाट पाहावी लागली नाही.

अर्थात, लोकस्मृतीलाही मर्यादा आहेत. २५ ऑक्टोबर २०१० च्या रात्री इंडोनेशियाच्याच मेंतावाई बेटांजवळ भूकंप झाला. हादरे सौम्य, पण दीर्घकाळ जाणवणारे होते. जोराचा धक्का न बसल्याने अनेकांना धोक्याची जाणीवच झाली नाही. चारशेहून अधिक माणसे दगावली. म्हणून धक्का किती मोठा, याबरोबरच तो किती वेळ टिकला, हेही शिकवावे लागते. परंपरेचे शहाणपण आणि विज्ञानाची दुरुस्ती यांची सांगड घालावी लागते, ती अशी.

आपल्याकडे हे अशक्य नाही. ओडिशातील वेंकटरायपूर आणि नोलियासाही या गावांना २०२० मध्ये युनेस्कोच्या सागरविज्ञान आयोगाने ‘त्सुनामी-सज्ज’ अशी मान्यता दिली. धोक्याचे नकाशे, सुटकेच्या वाटांचे फलक आणि गावकऱ्यांच्या नियमित रंगीत तालमी यांवर ही मान्यता मिळते. हीच शिस्त निकोबारच्या प्रत्येक वस्तीत, निकोबारी भाषेत आणि तेथील गावप्रमुखांच्या पुढाकाराने रुजायला हवी. कार निकोबारसारख्या बऱ्याचशा सपाट बेटावर तर धावायचे कोठे, हेही आधीच ठरलेले असले पाहिजे.

या प्रश्नाला आज आणखी एक धार आली आहे. ग्रेट निकोबारवरील गॅलाथिया उपसागरात मालवाहतूक बंदर, विमानतळ आणि नगरवसाहत उभारण्याच्या प्रकल्पास २०२२ मध्ये पर्यावरणीय मंजुरी मिळाली. २०११ मध्ये जेमतेम आठ हजार लोकसंख्या असलेल्या या बेटावर काही दशकांत साडेतीन लाख माणसे वसतील, असा आराखड्याचा अंदाज आहे. याच बेटाच्या दक्षिण टोकावरील इंदिरा पॉइंटची जमीन २००४ च्या भूकंपात चार मीटरहून अधिक खचली होती. नव्याने येणाऱ्या रहिवाशाला ना त्या सकाळची आठवण असेल, ना डोंगरवाटांची माहिती. प्रकल्पाचे समर्थक आणि विरोधक यांच्यातील वाद चालूच राहील. पण वस्ती किती उंचीवर असावी आणि पहिल्या दहा मिनिटांत माणसाने कोणत्या वाटेने जावे, याचे उत्तर पहिली वीट रचण्याआधी मिळाले पाहिजे.

त्सुनामी पिढ्यान्‌पिढ्यांच्या अंतराने येते, आणि विस्मरणाला तेवढा अवकाश पुरतो. यंत्रे हवीतच, ती दूरच्या किनाऱ्यांना तासांची सवड देतात. बेटावरच्या माणसाला मात्र पायाखालची जमीन हलताच स्वतःच निर्णय घ्यायचा असतो. त्याला त्या निर्णयासाठी तयार करणे, हीच खरी सज्जता.