पट्टीवरचे नाव आणि नळीखालचे ठसे

बीड जिल्ह्यातून जुन्या दुनळी बंदुकांचे फोटो अलीकडे आमच्याकडे बरेच येऊ लागले आहेत. बहुतेक फोटोंत पॉलिश केलेला दस्ता, घोड्यांच्या बाजूची नक्षी आणि दोन नळ्यांमधल्या पट्टीवर कोरलेले इंग्रजी नाव, एवढेच दिसते. सोबत प्रश्न ठरलेला : अस्सल आहे का, आणि किती येतील? किमतीचे बाजारवाले बघतील. अस्सलपणाचे उत्तर मात्र त्या फोटोत नसते, कारण फोटो चुकीच्या बाजूने काढलेला असतो.

पट्टीवरच्या नावावर फार विसंबू नये. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बेल्जियममधल्या लिएज शहरातले कारागीर गिऱ्हाईक सांगेल ते नाव घालून देत. अमेरिकेत 'डब्ल्यू. रिचर्ड्स' नावाच्या बेल्जियन दुनळ्या भरपूर खपल्या. वेस्टली रिचर्ड्स या नामांकित इंग्रजी कारखान्याची आठवण व्हावी, एवढाच त्या नावाचा हेतू. आपल्याकडे तर पट्टीवर पुष्कळदा कलकत्त्याच्या मँटन किंवा रॉडा यांसारख्या विक्रेत्याचे नाव सापडते. त्यावरून बंदूक कोणी विकली ते कळते. ती कुठे घडली, हे वेगळे शोधावे लागते.

त्यासाठी बंदूक रिकामी असल्याची खात्री करून परवानाधारकाच्याच हातून नळ्या सुट्या करून घ्याव्यात आणि उलट्या धराव्यात. काडतूस बसते त्या टोकाखालच्या सपाट भागावर बारीक ठसे असतात. लंबगोलात 'ईएलजी' आणि खाली तारा, म्हणजे लिएज; लंबगोलावर मुकुट असेल तर नळ्या 1893 नंतर तपासलेल्या. मुकुटाखाली फुलीसारखे दोन राजदंड, म्हणजे बर्मिंगहॅम, 1904 च्या आधीचे. त्यानंतर तिथे मुकुटाखाली 'बीपी', 'बीव्ही' आले. नळीवर 'नॉट फॉर बॉल' सापडले तर काळ आणखी नेमका होतो : 1875 ते 1887. बिनधुराच्या दारूची चाचणी झाल्याचा ठसा नसेल, तर त्या नळ्या काळ्या दारूच्या समजाव्यात. नागमोडी नक्षीच्या दमास्कस नळ्यांत आजचे काडतूस घालून 'एकदा वाजवून बघू' म्हणणाऱ्यांना वेळीच आवरा.

अमेरिकन दुनळीची गोष्ट निराळी. तिथे ठसा मारणारे सरकारी चाचणीघरच नव्हते. मेरिडनची पार्कर, फुल्टनची एल. सी. स्मिथ, फिलाडेल्फियाची फॉक्स या बंदुकांचा अभ्यास चालतो तो अनुक्रमांकावर. पार्करच्या तर जुन्या स्टॉक-बुकांतून अमुक क्रमांकाची बंदूक कशी मागवली गेली होती, हेही बऱ्याचदा निघते. अशी वही आपल्याजवळ नाही म्हणून हळहळणारे संग्राहक भेटतात. पण आपली वही घरोघरी आहे : शस्त्रपरवान्याचे जुने पुस्तक. बंदुकीचा क्रमांक, बोअर, कोणाकडून कोणाकडे गेली, नूतनीकरणाचे शिक्के, असे पुष्कळ काही त्यात असते. वारस नवीन पुस्तक घेतात आणि जुने रद्दीत जाते.

बीडमध्ये हे नुकसान दुप्पट आहे. 1948 पर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात, त्यामुळे त्या काळचे सरकारी कागद उर्दूत. पुढचा शोध मुंबईपेक्षा हैदराबादेत, तारनाक्याच्या अभिलेखागारात घ्यावा लागतो. आणखी एक धागा अंबाजोगाईचा. जुन्या मोमिनाबाद या नावाने तिथे हैदराबाद कंटिन्जंट या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेच्या घोडदळाची छावणी होती. 1903 मध्ये कंटिन्जंट ब्रिटिशांच्या हिंदी सैन्यात विलीन झाले. छावणीतल्या अधिकाऱ्यांच्या शिकारी बंदुका आसपासच्या वाड्यांत गेल्या का, हे कोणी उर्दू जाणणाऱ्या मित्राला सोबत घेऊन तपासायला हवे.

वेळ थोडा आहे. शस्त्र कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाकडे तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात, आणि वारसाहक्काने आलेलीलाही तीच मर्यादा. तिसरी जमा करावी लागते. मुदतीत सोडवली नाही की सरकारजमा. डिसेंबर 2024 मधल्या सरपंच हत्येनंतर बीडमधल्या परवान्यांची छाननी झाली, अनेक रद्द झाले. त्यावर आमची तक्रार नाही, जिल्ह्याने जे पाहिले त्यानंतर ती व्हायलाच हवी होती. पण जमा होणारी प्रत्येक जुनी दुनळी नोंदीविना जाते. निवडणुकीपुरती ठाण्यात ठेवलेली एक बंदूक आम्ही परत येताना पाहिली : सुतळीने बांधलेली, नळ्यांच्या तोंडाशी गंज धरलेली, आणि चिठ्ठीवर फक्त 'डबल बार, एक नग'.

शस्त्र कायद्याच्या कलम 45 चा आधार घेऊन 'जुनी आहे, परवाना कशाला' म्हणणाऱ्यांनी ते कलम पुन्हा वाचावे. दुरुस्त करूनही चालणार नाही अशाच शस्त्राला ती सूट आहे. फेब्रुवारी 2020 च्या अधिसूचनेने क्युरिओ गटातली लहान शस्त्रे बाळगण्याला सवलत दिली खरी, पण वापरायला आणि वाहून न्यायला परवाना लागतोच. शंका असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी विचारा.

पुढच्या अंकापासून आम्ही बीडच्या दुनळ्यांच्या नोंदी छापणार आहोत. नळीखालच्या ठशांचा तिरप्या उजेडात घेतलेला फोटो, नळीची लांबी, पट्टीवरचे नाव आणि परवान्याच्या जुन्या पुस्तकाची पाने पाठवा. ठसे वाचायला म्हणून पॉलिश कागद घासू नका. केरोसीनचा बोळा आणि मऊ ब्रश पुरतो. मालकाचे नाव आणि गाव आम्ही छापणार नाही, फक्त तालुका छापू.