सेन्सर बदलायच्या आधी रबरी पाईप बघा की!

मंडळी, आज पिकाचं नाही, गाडीचं लिहितोय. पण रोग ओळखीचाच आहे.

आमची पेट्रोल गाडी सकाळी थंड असताना आयडलिंगला गचके देते, मधेच बंद पडते. दहा मिनिटं चालली की एकदम झ्याक. गॅरेजवाल्याने आधी प्लग बदलले, मग ऑक्सिजन सेन्सर. आता थ्रॉटल बॉडी बदला म्हणतोय. ह्याला निदान म्हणायचं? पानं पिवळी दिसली की सूक्ष्म अन्नद्रव्याची बाटली हातात ठेवणारे आणि हे, एकाच माळेचे मणी. मुळाशी पाणी तुंबलंय का, ते कुणी बघायचं?

थ्रॉटलच्या पुढे, इनटेक मॅनिफोल्डमध्ये, आयडलिंगला व्हॅक्यूम असतो. तिथल्या एखाद्या रबरी पाईपला चीर गेली की हिशोबाबाहेरची हवा आत ओढली जाते. थंडीत रबर आखडतं, चीर उघडते. तापलं की बसते. म्हणून दोष येतो-जातो. आयडलिंगला इंजिन मुळात हवाच कमी घेतं, त्यामुळे ही चोरटी हवा तेव्हाच जाणवते. वेगात तिचा पत्ता लागत नाही.

मग गाडी रात्रभर ठेवून घ्या, सकाळी पहिल्या स्टार्टला तपासा, म्हटलं की यांना वेळ नाही. तापलेल्या इंजिनवर बघून 'लीक नाही' सांगणं म्हणजे भर दुपारी दव शोधणं.

एअर फ्लो सेन्सरवाली गाडी असेल तर स्कॅनरवर फ्युएल ट्रिम बघायला सांगा. आयडलिंगला अधिक १५-२० टक्के आणि २५०० आरपीएमला शून्याजवळ, तर पहिला संशय लीकवर. पी०१७१ कोड आला म्हणून सेन्सर बदलू देऊ नका. बिचारा बहुतेक वेळा खरंच सांगत असतो. नक्की जागा सापडते ती थंड इंजिनवर धूर सोडून. सांध्यांवर कार्ब क्लीनर फवारून बघणारे बहाद्दर आहेत, पण गरम सायलेन्सरशेजारी तो खेळ नको.

कुणी म्हणेल, गॅरेजवाल्यालाही पोट आहे. आहे ना! तपासणीचे पैसे वेगळे लावा, देतो. लोक पार्टला हजार काढतात आणि तपासणीला शंभर म्हटलं की तोंड फिरवतात, हेही तितकंच खरं.

आणि एक. ब्रेक बूस्टरचा पाईपही त्याच मॅनिफोल्डवरून जातो. ब्रेक दाबल्यावर आयडलिंग बदललं आणि पेडल कडक लागलं, तर त्या दिवशी गाडी घराबाहेर काढू नका.