देव दारी आला असता

भाद्रपदात ज्येष्ठागौरी येतात त्या एकदम देवघरात जात नाहीत. मुखवटे घेऊन येणाऱ्या सवाष्णीचे पाय उंबरठ्याबाहेर धुतात, कुंकवाच्या पावलांवरून तिला आत घेतात, वाटेत प्रश्नोत्तरे होतात आणि सगळे घर दाखवून मगच गौरींना आसनावर बसवितात. रोजचा देव निराळा आणि पाहुणा होऊन येणारा देव निराळा, हे आपल्या आज्यांनी आपणांस अशा रीतीने शिकविले.

ख्रिस्ती समाजात हीच कल्पना नाताळपूर्वीच्या दिवसांत आढळते. मेक्सिकोत १६ ते २४ डिसेंबर अशा नऊ रात्री मरिया व योसेफ यांच्या मूर्ती घेऊन लोक दारोदार जातात आणि गाण्यातून आसरा मागतात. आतली मंडळी आधी नकार देतात. मग पाहुणे कोण ते ओळखून दार उघडतात. ऑस्ट्रिया व बव्हेरियाच्या डोंगराळ भागातही मरियामातेची मूर्ती रोज नव्या घरी मुक्कामास नेण्याची चाल आहे. मूळ प्रसंग बेथलेहेमचा. दिवस भरलेल्या मरियेला तेथील उतारशाळेत जागा मिळाली नव्हती.

गोमंतकात ही पाहुणी म्हणजे ‘सायबीण’. प्रत्येक वाड्याचा काळ आपापला. पण रीत एकच. मरियामातेची मूर्ती मेणबत्त्यांच्या उजेडात, कोकणी गीते गात एका घरातून दुसऱ्या घरी नेतात. तेथे फुलांनी सजविलेली वेदी असते. जपमाळ होते, लादाईन गातात, जमलेल्यांना उकडलेले चणे वाटतात, आणि दुसऱ्या दिवशी ती पुढच्या घरी निघते.

पेडणे व डिचोली या महालांत ख्रिस्ती वस्ती थोडी. अठराव्या शतकाच्या अखेरीस हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला. पेडणे तर १७८८ साली सावंतवाडीकर भोसल्यांकडून गेले. तोपर्यंत सक्तीच्या धर्मांतराचा जोर ओसरला होता, म्हणून येथील देवळे जागच्या जागी राहिली. तरी आसरा मागणारा देव येथेही आहे. पेडण्याची पुनव म्हणजे कोजागरी. त्या वेळी रवळनाथ व भूतनाथ यांची तरंगे लुगडी नेसवून सजविलेली असतात. भूतनाथाला स्वतःचे देऊळ नाही. एका रात्रीत ते बांधून द्या, असा हट्ट धरून तो रागाने डोंगराकडे निघतो आणि भक्त वचन देऊन त्याला परत आणतात, अशी कथा आहे. डिचोली महालातील शिरगावची लईराई आणि म्हापशाची मिलाग्रीस सायबीण या तर लोकांच्या लेखी सख्ख्या बहिणी. फेस्ताला शिरगावहून तेल जावे आणि जत्रेला म्हापशाहून मोगरीची फुले यावीत, अशी या बहिणींची रीत आहे.

आम्हांस चिंता वाटते ती दाराची. हरमल-मोरजीच्या किनाऱ्यावर डिसेंबर हा पर्यटकांचा हंगाम. डिसेंबर २०२२ मध्ये पेडण्यातील मोप येथील विमानतळाचे उद्घाटन झाल्यापासून ही वर्दळ अधिकच जवळ आली आहे. घर भाड्याने दिले म्हणून कोणास दोष देता येत नाही. पोट सर्वांनाच आहे. पण ज्या घरात दर आठवड्यास नवी माणसे उतरतात, तेथे सायबीण कोणाच्या हाती द्यावी? पैसे देणाऱ्यास खोली मिळावी आणि मूर्तीला मुक्काम मिळू नये, ही बेथलेहेमची गोष्ट फिरून घडण्यासारखे आहे.

हे वाचून दुसऱ्याची कीव करण्याचे मात्र कारण नाही. आपल्यापैकी कितीकांची गावची घरे चतुर्थीचे चार दिवस सोडले तर कुलपातच असतात! म्हणून आमची सूचना साधी आहे. घर बंद ठेवावे लागत असेल, त्याने किल्ली शेजारी द्यावी. घर भाड्याने गेले असेल, त्याने आपली पाळी सोडू नये; ती शेजाऱ्याच्या ओसरीवर पार पाडावी. आणि वाड्यावर सायबीण आली असता शेजारच्या हिंदू घरातील कोणी घटकाभर जाऊन बसले, तर लईराईला काही ते परके वाटणार नाही. पाहुण्या देवाला मोठे घर लागत नाही. दार उघडणारे कोणी घरात असावे, एवढेच लागते.